नारायणगावचे एक कलावंत घराणे

घराणे म्हटले की ग्वाल्हेर, किराणा ही नावे आपल्याला आठवतात. पण लोककलेतही घराणी असतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे खुडे घराणे हे त्यांपैकी एक होय.

नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला व त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपास आणला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावातच नाते, जात आणि गाव ही तिन्ही आली. भाऊंची कन्या विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली आणि फडातच वाढली. गण, गवळण, बतावणी, लावणी व वग हे सारे येथे शाळेवाचून शिकायचे असते. ढोलकीचा ठेका मुलांच्या कानी पाळण्यातच पडतो.

परंतु फड ही नुसती कला नव्हे. तो एक प्रपंच आहे. दसऱ्यापासून फड हिंडू लागतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी त्यांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला तेथे येतात. ते आधी पाहतात ती राहुटीवरची पाटी. म्हणजे घराण्याचे नाव हेच भांडवल! उलट, कलावंतांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते. पावसाने दगा दिला की सुपाऱ्या घटतात. दिलेली उचल मात्र अंगावर राहते. टाळ्या आणि कर्ज एकाच दारी का नांदतात, याचे उत्तर या व्यवहारात आहे.

विठाबाईंनी हे दोन्ही भोगले. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. कळा येताच पडद्यामागे जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकीकत प्रसिद्धच आहे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. तथापि अखेरचे दिवस हलाखीचे गेले. औषधपाण्याचा खर्चही देणग्यांतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. पुढे राज्य शासनाने तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचेच नाव दिले. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढला आणि नातू नितीनकुमार त्यात उभे राहिले. अशा या पाच पिढ्या.

मावळातही चैत्रात गावोगाव यात्रा भरतात. फडाची सुपारी ठरवताना रक्कम शक्य तितकी खाली ओढणे यात आपण चातुर्य मानतो. त्या रकमेवर किती चुली पेटतात, याचा हिशेब गावकीने एकदा मांडावा. कलावंताचा सन्मान पदकाच्या आधी तेथे सुरू होतो.