धूम्रपानबंदी आणि मद्यगृहांचे अनुकूलन : आयर्लंडच्या अनुभवाचा अभ्यास

प्रस्तावना :
२९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पब व बारसह बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली. अशी व्यापक देशव्यापी बंदी घालणारे ते जगातील पहिले राष्ट्र होय. आयरिश समाजजीवनात पब हे गप्पा, संगीत व भेटीगाठींचे केंद्र असल्याने ग्राहक दुरावतील, अशी भीती व्यावसायिकांनी व्यक्त केली होती. या व्यवसायाने बंदीशी कसे जुळवून घेतले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बंदीमागील भूमिका :
हा कायदा प्रामुख्याने कामगारांच्या आरोग्यासाठी होता. ग्राहक काही वेळाने निघून जातो. कर्मचारी मात्र संपूर्ण पाळीभर त्याच हवेत श्वास घेतो. वायुवीजनाने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणूनच पबमध्ये बंदिस्त धूम्रपान कक्षाची मुभा देण्यात आली नाही. डब्लिनमधील ४२ पबमध्ये बंदीपूर्वी व नंतर झालेल्या मोजणीत हवेतील सूक्ष्म कणांचे (पीएम २.५) प्रमाण ८३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

अनुकूलनाचे मार्ग :
१) खुली जागा : छत नसलेली अथवा छत असूनही परिघाचा निम्म्याहून अधिक भाग भिंतींनी वेढलेला नसलेली जागा कायद्याने वर्ज्य केली नाही. परिणामी परसदारी आडोसे, छत्र्या व उष्णतादीप आले. मात्र अंगण नसलेल्या लहान पबच्या ग्राहकांना रस्त्यावरच उभे राहावे लागले.
२) जागेची निवड : दारे-खिडक्यांलगत धूम्रपान झाल्यास धूर पुन्हा आत येतो, शेजाऱ्यांना गोंगाटाचाही त्रास होतो. त्यामुळे आडोसा प्रवेशद्वारापासून दूर असणे हितावह ठरते.
३) सेवेची फेररचना : खाद्यपदार्थांवर भर दिल्यास धूम्रपान न करणारा ग्राहकवर्ग आकर्षित करता येतो. आडोशात पेये पोहोचविणे टाळल्यास कर्मचाऱ्यांचा धुराशी संपर्क घटतो.

भारतीय संदर्भ :
भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ३० वा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा दिली. त्यासाठी चारही बाजूंना पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारे दार व धूर थेट बाहेर सोडणारी व्यवस्था आवश्यक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने या कक्षात अन्य कोणतीही सेवा देण्यास मनाई केली. आयर्लंडने भिंती कमी करण्याचा, तर भारताने त्या पूर्ण करण्याचा मार्ग स्वीकारला.

निष्कर्ष :
धूम्रपान करणाऱ्या ग्राहकाची सोय हा अनुकूलनाचा एकमेव निकष मानता येणार नाही. धूर जिथे नेला जातो तिथे कर्मचाऱ्यालाही जावे लागत असेल, तर बंदीचे पालन केवळ तांत्रिक ठरते. कायद्याचा मूळ हेतू मात्र असाध्यच राहतो.