बेडकाची शेपटी कोठे जाते?

पावसाळ्यात शेतातील डबक्यात काळे, शेपटीवाले इवले जीव वळवळताना दिसतात. मासे समजून आम्हीही ते लहानपणी बाटलीत भरले होते! ती बेडकाची पिल्ले, म्हणजेच बेडूकमासे. ते कल्ल्यांनी श्वास घेतात, शेवाळ खातात. प्रथम मागचे पाय दिसू लागतात, नंतर पुढचे; कल्ले जाऊन फुप्फुसे काम करू लागतात. शेपटी मात्र गळून पडत नाही, ती शरीरातच जिरते. कीटक खाण्यासाठी तोंड व आतडी बदलत असताना पिल्लू जवळजवळ उपाशीच असते. तेव्हा शेपटी हीच त्याची शिदोरी. हे सर्व डबके आटण्यापूर्वी व्हावे लागते. पावसाने ओढ दिली, तर पिल्ले चिखलातच मरतात. आमच्या बाटलीतील एकालाही पाय फुटले नाहीत.