देऊळ पाडू नका, शाकारा

देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, विजयदुर्ग किल्ल्याजवळ, गिर्ये गावात रामेश्वराचे देऊळ आहे. कातळ फोडून केलेल्या खोल वाटेने उतरत गेले की ते समोर येते. उतरती कौलारू छपरे, कोरीव लाकूडकाम, भिंतींवर रंगवलेले पुराणांतले प्रसंग आणि नंदीवर आरूढ झालेली शंकराची चांदीची मूर्ती. आवारात कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी यांची समाधी आहे. देवळासमोरची डोलकाठी पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी जिंकलेल्या जहाजाची. याच धुळपांनी 8 एप्रिल 1783 रोजी रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांचे 'रेंजर' जहाज ताब्यात घेतले होते.

हे देऊळ एका माणसाने एका दमात बांधलेले नाही. आंग्रे, पेशव्यांचे अंमलदार, धुळप, मग गावकरी, असे हात त्याला लागत गेले. ज्याने त्याने आपल्या परीने भर घातली, पण आधीच्याचे मोडून टाकले नाही. मला या देवळाचे सर्वांत मोठे वैभव हेच वाटते.

आज कोकणात गावोगाव देवळांची कामे निघाली आहेत. मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात, गावातले मानकरी बैठका घेतात, देवाला कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथवर सगळे रीतीप्रमाणे. त्यानंतर बहुतेक वेळा जुने देऊळ उतरवून स्लॅबचे नवे उभे राहते, खाली गुळगुळीत फरशी आणि वर रंगवलेले शिखर. गावाला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात दरवर्षी छप्पर शाकारायचे, वाळवी लागलेले वासे बदलायचे, त्यासाठी कारागीर शोधायचा, हे सोपे नाही. एकदाच खर्च करू आणि मोकळे होऊ, असे वाटणे साहजिक आहे.

पण मोकळे होता येत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा एक तुकडा काढून दुसरा बसवण्याची सोय नसते. कौलारू छपरात ती आहे. कौल फुटले, कौल बदलले. वासा कुजला, तेवढा वासा काढला. मंगलोरी कौल आपण आपलेच मानतो, पण त्याचा कारखाना 1865 मध्ये मंगळूरला काढला तो बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्याने, गेओर्ग प्लेब्स्टने. ख्रिस्ती मिशनच्या भट्टीतले कौल शंकराच्या देवळावर चढले आणि कोणाचा धर्म बुडाला नाही. उपयोगाची नवी वस्तू देवळाला वर्ज्य कधीच नव्हती. ती त्या इमारतीला मानवते का, एवढेच बघायचे.

देवळांच्या जांभ्या दगडाला सिमेंट मानवत नाही. हा दगड सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो, मग क्षार वर येतात आणि दगडाचा भुगा होतो. उघडा ठेवला तरी धोका आहेच. जुन्या गोव्याचे बॉम जेझू चर्च 1605 मध्ये पुरे झाले. त्याचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, दगड उघडा देखणा दिसावा म्हणून. तेव्हापासून त्या जांभ्यावर पावसाचा मारा चालू आहे, आणि गिलावा परत चढवा अशी मागणी चर्चमधूनच झाली आहे. आपल्याकडेही 'चिरा मोकळा करून पॉलिश मारू' म्हणणाऱ्यांनी ते चर्च एकदा बघून यावे.

चुन्याची रीत किनाऱ्याला परकी नाही. शिंपले भट्टीत भाजायचे, पाणी घालून विरवायचे, वाळू मिसळून चुन्याच्या घाण्यात मळायचे. त्यात गुळाचे पाणी, हिरडा पडत असे. मिश्रण करणीला लोण्यासारखे लागले पाहिजे. लावल्यावर घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो ओलसर ठेवायचा, मगच दुसरा. ठेकेदाराला हे परवडत नाही, कारण त्याला पैसे ठरलेल्या कामाचे मिळतात आणि दिवस वाढले की खर्च वाढतो. म्हणून अशा कामाची बोली आणि मुदत वेगळी ठेवावी लागते, हे देवळाच्या समितीने पहिल्याच बैठकीत ठरवायला हवे.

राहिला आजच्या गरजांचा प्रश्न, आणि त्या खऱ्या आहेत. कोकणातले देऊळ नुसते पूजेचे कधी नव्हतेच. हरिनाम सप्ताह तिथेच, गावबैठक तिथेच, शिमग्याची पालखी तिथूनच निघते. जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. नाटकातल्या राजाला बसायला एक बाकडे पुरते, पण पहाटेपर्यंत नाटक बघणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह लागतेच. कलाकारांना रंग चढवायला आडोसा, महाप्रसादाला स्वयंपाकघर, म्हाताऱ्यांना पायऱ्यांशेजारी उतार आणि धरायला कठडा, हे सगळे व्हावे. फक्त ते पोवळीबाहेर, म्हणजे आवाराच्या भिंतीबाहेर, बुटके आणि कौलारू व्हावे. युरोपातल्या खेडेगावांत शेकडो वर्षांच्या चर्चमध्ये स्वयंपाकघर, शौचालय, वाचनालय बसवतात, आणि मूळ भिंतीला धक्का लावत नाहीत. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनेची रीतच बदलली. वसईतल्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जुन्या चर्चमध्ये त्यासाठी वेदी पुढे आणली की भागत असे. एवढ्यासाठी इमारत पाडायची गरज नव्हती.

गिर्येसारख्या देवळात सर्वांत नाजूक गोष्ट भिंतींवरची चित्रे. त्यांना मोठी धास्ती छपरातून झिरपणाऱ्या पाण्याची, आणि तेवढीच उत्साहाची. उडालेले रंग ऑइलपेंटने 'उजळणे', पंख्याच्या वायरीसाठी खिळा ठोकणे, दगडी नक्षीवर चुन्याचे हात मारणे, हे सगळे भक्तीने होते आणि भरून न येणारे असते. चित्राला हात लावायचा तो प्रशिक्षित संवर्धकाने. तोवर गावाने एकच करावे, वरचे छप्पर कोरडे ठेवावे.

कामाचा क्रमही छपराला धरूनच. आधी सगळ्याचे फोटो काढावेत आणि मापे घ्यावीत, वाशांवर क्रमांक टाकावेत, मग कौले उतरवावीत. लाकडाला वाळवीचे औषध द्यावे. पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात, म्हणजे जोत्याशी पाणी साचणार नाही. वीज भिंत न फोडता, तुळईच्या कडेने फिरवावी. गिलावा आणि फरशी सर्वांत शेवटी. आणि मृग लागायच्या आत कौले परत चढलेली असावीत.