वाढवण बंदर समुद्रात होतंय, मग गावांचा विरोध कशासाठी?

‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’ पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ही घोषणा अनेक वर्षं ऐकू येतेय. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक प्रश्न हमखास पडतो. बंदर तर समुद्रात भराव टाकून होणार आहे. गाव उठणार नाही, घर जाणार नाही. मग भांडण कशाचं?

आधी प्रकल्प समजून घेऊ. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. यात ७४ टक्के वाटा जेएनपीएचा, २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाचा. डहाणू तालुक्यातलं वाढवणच निवडलं, कारण तिथे समुद्राला सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते. सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांना तेवढी लागते. बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचाय, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त.

आणि खरी गोम इथेच आहे. शेतकऱ्याची जमीन घ्यायची तर सातबारा असतो, मोजणी होते, मोबदला ठरतो. समुद्राला सातबारा नसतो. २०१३च्या भूसंपादन कायद्यात पाण्यावर पोट असलेली कुटुंबंही ‘बाधित’ धरली आहेत, पण कधी? जमीन संपादन होत असेल तर. बंदराला जोडणाऱ्या रस्त्या-रेल्वेसाठी जमीन लागणार आहे, तिथे हा कायदा येतो. भरावाखाली जाणाऱ्या समुद्रात संपादन करायला जमीनच नाही.

म्हणजे समुद्र कुणाचाच नाही का? मच्छिमारांना विचारून बघा! डोल जाळ्यांसाठी समुद्रात खुंट ठोकून जागा धरतात, तिला कव म्हणतात. या कवींवरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छिमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. हद्दी आहेत, हक्कही आहेत, फक्त कागद नाही.

ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या खटल्यानंतर राज्याने २०२३मध्ये मच्छिमारांच्या भरपाईचं धोरण आणलं, ही मोठीच गोष्ट. तरी भरपाई म्हटली की पुरावा आला. बोटमालकाकडे नोंदणी आणि परवाना असतो. खडकांत शेवंड पकडणारा, दुसऱ्याच्या बोटीवरचा खलाशी, मासळी सुकवून बाजारात नेणारी बाई, यांनी काय दाखवायचं?

अविश्वासाला इतिहासही आहे. शेजारच्या तारापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद कोर्टात गेला. तो किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही.

शिवाय वाढवणला एकदा ‘नाही’ म्हणून झालंय. १९९१पासून डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र आहे. त्यावर देखरेखीसाठी १९९६मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना त्याच प्राधिकरणाने १९९८मध्ये इथलं बंदर नाकारलं. धर्माधिकारी २०१९मध्ये गेले. जुलै २०२३मध्ये प्राधिकरणाने नव्या बंदराला अटींसह परवानगी दिली आणि त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये फेटाळल्या. सरकारच्या मते प्रकल्प वेगळा, तंत्रज्ञान नवं. गावकऱ्यांचा सवाल साधा आहे: तालुका तोच, समुद्र तोच, मग उत्तर कसं बदललं?

सरकार १२ लाख रोजगारांचा आकडा देतं. यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही आले. इथल्या तरुणांसाठी प्रशिक्षणाचीही घोषणा आहे आणि नोकरीची आशा असलेले लोक या किनाऱ्यावरही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रेन चालवायला विशीतला मुलगा शिकेल. त्याची पन्नाशीची आई, जी पहाटे टोपली घेऊन लोकल पकडते, तिच्यासाठी त्या १२ लाखांत नेमकं कोणतं काम आहे, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.