फुकट इतिहास, तपासून घेतलेला

होमस्कूलिंग करू पाहणारे आईबाप भेटले की गणिताबद्दल फारसं विचारत नाहीत. गणिताचं पुस्तक कुठलंही चालतं, उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं. अडतं ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्रापाशी. “हे सगळं कुठून आणता? खर्च किती येतो?” खर्च म्हणाल तर छपाईचा आणि एसटीच्या तिकिटांचा. साहित्य फुकट आहे, कायदेशीर आहे आणि एका कुटुंबाला आयुष्यभर पुरून उरेल इतकं आहे. त्यातलं काय घ्यायचं आणि मुलांपुढे कोणत्या क्रमानं ठेवायचं, हे ठरवण्यातच खरी मेहनत आहे. माझी कसोटी साधी आहे. जे साहित्य मूल स्वतः दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहू शकतं, ते आधी घ्यायचं.

आम्ही पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात राहतो. लेक बारा वर्षांची आहे. इंग्रजीत ‘फ्री हिस्टरी वर्कशीट’ शोधलं की अमेरिकेतल्या तेरा वसाहती, तिथले राष्ट्राध्यक्ष आणि थँक्सगिव्हिंगची रंगवायची चित्रं समोर येतात. तिथल्या मुलांना ती उपयोगाची असतील. मराठीत शोधलं की स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचा ढीग लागतो: कोणती संस्था कोणी कधी काढली, कोणता तह कुठे झाला. दोन्हीत मुलाला विचारायला काही उरत नाही, म्हणून दोन्ही मी बाजूला ठेवते.

कणा मात्र हवाच, आणि तो बालभारतीचा. पहिलीपासूनची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. चौथीचं ‘शिवछत्रपती’, सहावीचा प्राचीन भारत, सातवीचा मध्ययुगीन, आठवीचा आधुनिक असा क्रम आहे. दहावीच्या पुस्तकाबद्दल पालकांना फारसं ठाऊक नसतं. इतिहास लिहितात कसा, वस्तुसंग्रहालयं काय करतात, खेळांचा आणि वर्तमानपत्रांचा इतिहासाशी संबंध काय, हे त्यात आहे. त्यातली काही पानं मी पाचवी-सहावीच्या वयातच वाचून दाखवली. साधन म्हणजे काय हे आधी समजलं की पुढची सगळी पुस्तकं वेगळ्या नजरेनं वाचली जातात. परीक्षेचा प्रश्न वेगळा सोडवता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदाव्या वर्षापासून देता येते आणि तिचं अभ्याससाहित्यही संकेतस्थळावर मोफत आहे. शिवाय राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

कण्यावर मांस चढवायचं ते जुन्या खंडांतून. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. जेम्स कॅम्बेल त्याचे संपादक. पुण्याचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला, नाशिकचा सोळावा १८८३ मध्ये, साताऱ्याचा एकोणिसावा १८८५ मध्ये. राज्य शासनाच्या गॅझेटियर विभागानं हे खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर त्यांची पानन्‌पान छायाचित्रं मिळतात. पिकं, जाती, रस्ते, बाजार, कर्ज, शाळा, रोगराई, आणि शेवटी अक्षरवारीनं एकेका गावाची नोंद. आपल्या तालुक्याचं नाव त्यात सापडलं की मूल खुर्ची ओढून शेजारी बसतं.

शोधण्याचं थोडं तंत्र आहे. गॅझेटियरमध्ये गावांची नावं त्या वेळच्या इंग्रजी वळणानं लिहिलेली असतात; आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर हाती काही लागत नाही. आधी ‘गावे’ हे प्रकरण उघडायचं, तिथलं स्पेलिंग टिपायचं आणि मग पूर्ण खंडात ते शोधायचं. जुन्या मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं स्कॅन केलेल्या पुस्तकांची नावं रोमन लिपीत, दुहेरी स्वर आणि मध्येच अपोस्ट्रॉफी घालून दिलेली आहेत. वि. का. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड शोधताना मला हे उमगलं. पहिला खंड १८९८ चा. देवनागरीत नाव टाकून तो मिळेना. रोमन लिपीत ‘आ’साठी दोनदा ‘ए’ टाकल्यावर रांगेनं खंड दिसू लागले. त्यातली पत्रं मुलांना सगळी वाचवत नाहीत, वाचवूही नयेत. एखादंच पत्र घ्यावं, शकाच्या आकड्यात ७८ मिळवून इसवी सन काढावं, कोणी कोणाला काय मागितलं तेवढं पाहावं.

आता एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण कसोटीचा अर्थ त्यातच उलगडतो.

१८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांवर उठले. सुरुवात १२ मे १८७५ रोजी सुपे इथे झाली. लोकांनी दुकानं गाठली, वह्या आणि कर्जरोखे मागितले, ते जाळले, धान्य लुटलं, काही घरांनाही आग लावली. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात यावर चांगला मजकूर आहे. पुस्तक इंग्रजीत आणि हिंदीत मोफत मिळतं, मराठीत नाही. म्हणून मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं असं चालतं. बारावीचं पुस्तक बारा वर्षांच्या मुलीला कशाला, असं कोणी विचारेल. त्या प्रकरणात मूळ साधनांचे उतारे वेगळ्या चौकटीत दिलेले आहेत, आणि मुलांना चौकटी आवडतात.

लेकीचा पहिला प्रश्न: “आई, पण कुठलं सुपे?” प्रश्न बरोबर होता. एक सुपे पारनेर तालुक्यात आहे, दुसरं बारामती तालुक्यात. उठाव दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला, तेव्हा अंदाजानं भागणार नव्हतं. गॅझेटियर उघडलं, तिथे भीमथडी तालुका निघाला. भीमथडीची तट्टं तिनं ऐकली होती, भीमथडी तालुका ऐकला नव्हता. आजच्या नकाशावर तो नाही. मग तालुक्यांचं प्रकरण काढलं आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उतरवून घेतला. हे नकाशेही मोफत आहेत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पट्टी ठेवून मोजल्यावर आमचं सुपे जागेवर आलं: मोरगावच्या पुढचं, चौफुल्याच्या रस्त्यावरचं. मग तिचं तिलाच आठवलं की ‘पुणे-सुपे’ जहागिरीतलं सुपे हेच. शहाजीराजांच्या जहागिरीपासून सावकाराच्या वहीपर्यंत एकच गाव. हा दुवा तिचा तिनं जोडला, मी सांगितलेला नाही.

दुसरा प्रश्न अवघड होता: वही जाळून काय होतं? त्यासाठी १८५९ चा मुदतीचा कायदा समजावून घ्यावा लागला. कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज फुगत जाणार नाही, असा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्याचा उपयोग उलटा केला. तीन वर्षं भरली की थकलेलं व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. आम्ही सोपे आकडे घेऊन वहीत हिशेब मांडला. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी १७२. नवा रोखा, आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे. तिसऱ्या रोख्याच्या शेवटी, नऊ वर्षांनी, ५०८ रुपये ८४ पैसे. रोखा बदललाच नसता तर नऊ वर्षांचं सरळ व्याज धरून ३१६ झाले असते. दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणून त्यांना कागद जाळायचा होता.”

त्यानंतर कारणांची साखळी धरता आली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथून ब्रिटनला जाणारा कापूस १८६१ मध्ये वीस लाख गासड्यांच्या वर होता, तो १८६२ मध्ये ५५ हजारांवर आला. मुंबई इलाख्यातल्या कापसाला भाव चढला, सावकारांनी मोकळ्या हातानं पैसा दिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मिळेनासं झालं, आणि त्याच सुमारास सरकारनं शेतसारा जबर वाढवला. पुढे चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जदिलाशाचा कायदा आला.

यातलं मोल मात्र आवाज शेजारी शेजारी ठेवण्यात आहे. गॅझेटियर सरकारचं, त्याला शेतसाऱ्यापेक्षा सावकाराचा दोष मोठा दिसतो. त्यात जातींबद्दल, स्वभावांबद्दल सरसकट विधानं आहेत, काही तर वाचवत नाहीत. तीही मी लपवत नाही. पान उघडायचं, कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, कोणाला विचारलंच नाही, हे तीन प्रश्न समासात लिहायचे आणि पुढे जायचं. जोतिराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चं, म्हणजे गॅझेटियरच्या दोनच वर्षं आधीचं. फुल्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं मोफत उपलब्ध केलेलं आहे. त्यात सावकारही सुटत नाही आणि सरकारी अंमलदारही सुटत नाहीत. फुले घराणं काही काळ आमच्याच तालुक्यातल्या खानवडीत होतं, त्यामुळे ती पानं घरच्यासारखी वाचली जातात. अडलेल्या शब्दाला मराठी विश्वकोश आहे. वाईत तयार झालेल्या त्या खंडांतल्या नोंदीही मोफत वाचायला मिळतात.

सुप्याला आम्ही जेजुरी-मोरगावच्या रस्त्यानं एसटीनं गेलो. १८७५ ची आठवण सांगणारं कोणी भेटेल अशी अपेक्षा नव्हतीच. पेठेत एका दुकानाच्या ओट्यावर आजोबा बसले होते. लेकीनं विचारायला सुरुवात केली, ते बहात्तरच्या दुष्काळावर आले. खडी फोडायला कोण कोण जायचं, सुकडी कशी मिळायची, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची. “मी तेव्हा तुझ्याएवढा असेन,” ते म्हणाले. तोंडी इतिहास गोळा करताना सन विचारू नये, “तुम्ही तेव्हा केवढे होता” असं विचारावं. माणूस लगेच त्या काळात जातो आणि सन आपल्याला काढता येतो. घरी आल्यावर रोजगार हमीचा धागा मिळाला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा. आजोबांच्या खडीपासून संसदेच्या कायद्यापर्यंतची वाट आठवीच्या नागरिकशास्त्रात सापडली नसती.

नागरिकशास्त्रासाठी मी वर्कशीट वापरतच नाही. संविधानाची मराठी प्रत मोफत मिळते, संविधान सभेतल्या चर्चाही मिळतात. पण खरी प्रयोगशाळा ग्रामपंचायत. फलकावरची नोटीस वाचायची, ग्रामसभेला मागे बसायचं, पाण्याच्या योजनेचा खर्च कुठून येतो ते विचारायचं. आमच्याकडचे ग्रामसेवक भाऊसाहेब आधी चकित झाले, मग स्वतःच अंदाजपत्रकाची प्रत दाखवू लागले. तिच्या जोडीला २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका ठेवायची. प्रत्येक गावाची घरं, लोकसंख्या, साक्षरता, शेतकरी किती आणि शेतमजूर किती, शाळा-दवाखाना किती लांब, सगळं तक्त्यात. तक्त्यात दवाखाना दाखवला आहे आणि गावात कुलूप आहे, असं दिसलं की अभ्यास आपोआप पुढे सरकतो.

मोफत साहित्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणून सरकारी प्रकाशनं सोडली तर बिनदिक्कत मिळतो तो बहुतेक जुना इतिहास, आणि जुन्या इतिहासात बाया, दलित, आदिवासी, मजूर फार कमी बोलतात. हयात लेखकांची पुस्तकं कोणीतरी स्कॅन करून ठेवलेली असतात, ती मी घेत नाही. त्यांच्यासाठी तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय आहे. वर्गणी किरकोळ असते आणि मागणी केली की पुस्तक आणूनही देतात. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना आणि किल्ल्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा कार्ले, भाजे, लेण्याद्री ही वर्गखोलीच समजावी.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते: पहिल्या महिन्यात काहीही छापू नका. आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर, जनगणना पुस्तिकेतलं आपल्या गावाचं पान आणि सर्वेक्षण विभागाचा नकाशा, हे तीन उतरवून घ्या आणि मुलाला त्यांत न जुळणारी एक गोष्ट शोधायला सांगा. आणि घरात आजोबा-पणजोबांची खतं, पावत्या, शाळेचे दाखले असतील तर ते रद्दीत देऊ नका. फोटो काढा, मागे तारीख आणि नावं लिहा, आणि शेजारच्या मुलांनाही पाहू द्या.