घनता : मुकुटाची आणि द्रवाची

पदार्थ जड की हलका, हे केवळ वजनावरून ठरत नाही. ते वजन किती आकारमानात सामावले आहे, हे पाहावे लागते. या गुणोत्तरासच घनता म्हणतात. दर घन सेंटीमीटरला सोने १९.३ ग्रॅम भरते, तर चांदी १०.५ ग्रॅम.

राजमुकुटातील चांदीची भेसळ आर्किमिडीजने सांडलेल्या पाण्यावरून ओळखली, अशी कथा रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियसने दिली आहे. परंतु १ किलोग्रॅमच्या मुकुटात ३०० ग्रॅम चांदी असली, तरी आकारमान सुमारे १३ घन सेंटीमीटरनेच वाढते. २० सेंटीमीटर व्यासाच्या पात्रात पाण्याच्या पातळीतील हा फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होय. एवढ्यावरून सुवर्णकारास अपहाराचा दोषी ठरविणे न्याय्य झाले नसते.

ही रीत स्थूल आहे, हे जाणून गॅलिलिओने १५८६ च्या सुमारास तराजूचा मार्ग सुचविला. बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते. म्हणून भेसळीचा मुकुट पाण्यात तेवढ्याच वजनाच्या शुद्ध सोन्याहून १३ ग्रॅम हलका भरतो. हा फरक तराजू सहज दाखवितो.

द्रवाची घनताही याच रीतीने मिळते. एकच धातुखंड आधी पाण्यात, मग तेलात तोलावा. तेलातील घटीस पाण्यातील घटीने भागले, की तेलाची सापेक्ष घनता हाती येते.