चिऊचा रोजा

पहाटे सहेरीसाठी भांडी वाजली, की घरातले लहान मूल हमखास जागे होते. मोठ्यांबरोबर दस्तरखानावर बसून दोन घास खाते आणि जाहीर करते, "आज माझापण रोजा!" वयात येईपर्यंत मुलांवर रोजा बंधनकारक नाही. पण पाच वर्षांच्या उत्साही जिवाला "तुझा रोजा होत नाही" असे तोंडावर सांगणार कोण?

दुपारी भूक लागून चेहरा उतरला, की नानी जवळ घेते. "बेटा, तुझा चिडी रोजा आहे. चिमणीएवढा. तो जोहरच्या अजानला सुटतो. असे दोन झाले की एक पूर्ण!" काही घरांत 'एका दाढेचा रोजा' असतो. एका बाजूने जेवायचे, दुसऱ्या बाजूचा रोजा शाबूत. तुर्कस्तानातही मुलांच्या अर्ध्या दिवसाच्या रोजाला 'तेक्ने ओरुजु' असे खास नाव आहे.

शरियतमध्ये असा रोजा नाही. मग खोटे बोलणे सोडा, नाहीतर नुसते उपाशी राहून उपयोग नाही, असे शिकवणाऱ्या महिन्यातच नानी खोटे बोलते का?

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका आईने "ये, तुला काहीतरी देते" म्हणून मुलाला बोलावले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी विचारले, काय देणार? ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका हदीसमध्ये मदिनेतल्या स्त्रियांची आठवण आहे. आशुराच्या रोजाला मुले भुकेने रडू लागली, की त्या लोकरीची खेळणी देऊन इफ्तारपर्यंत त्यांना रमवत.

फसवणे आणि रमवणे यांतला फरक इथे दिसतो. मराठी घरांना तो नवा नाही. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' ही धमकी मोठ्यांच्या सोयीची. चिऊचा घास, काऊचा घास मात्र मुलाच्या पोटासाठी. नानीचा चिडी रोजा या चिऊच्याच घरातला. संध्याकाळी त्या मुलाच्या हातावरही मोठ्यांसारखाच खजूर ठेवला जातो, दुआमध्ये त्याचेही नाव येते. नानीने दिलेला शब्द तिथे पाळला जातो.

पुढे एक दिवस मूल विचारतेच, "नानी, चिडी रोजा खरा असतो का?" तेव्हा मात्र खरे सांगायला हवे: "रोजा लहान होता बेटा, तुझी नियत पूर्ण होती." तेव्हाही उडवाउडवी केली, तर ते खोटेच.

मग एखाद्या वर्षी पहिला पूर्ण रोजा होतो. गळ्यात हार, नवे कपडे, शेजारच्या काकूही कौतुकाने खाऊ घेऊन येतात. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तेच मूल धाकट्या बहिणीला गंभीर चेहऱ्याने समजावते, "तुझा चिडी रोजा आहे. जेव आता."